द्राक्षांचा पंक्तिप्रपंच

एका पंक्तीला बसलेल्यांच्या पानांत वेगवेगळे वाढणे हे पाप आहे, हे आपल्याला सांगायला कुणी परका यावा लागला नाही. आपले कीर्तनकार ते सांगत आले, घरातल्या वडीलधाऱ्या बायका ते सांगत आल्या. तरीही पिढ्यान्‌पिढ्या आपण पंक्तिप्रपंच केलाच. यजमानाच्या मुलाच्या भातावर तूप आणि आश्रिताच्या भातावर तुपाचा नुसता वास. पुरुषांना ताजे आणि बायकांना उरलेसुरले. आणि ज्यांच्या कष्टावर ते धान्य पिकले त्यांना पंक्तीत जागाच नाही. पुढे शिक्षण आले, शहरे आली, हॉटेले आली, आणि ती जुनी पंक्ती मोडली अशी आपण आपली समजूत करून घेतली. ती समजूत खोटी आहे, असे मला या लेखात दाखवायचे आहे. पंक्ती मोडली नाही. ती घरातून उठून बाजारात जाऊन बसली आहे. नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांत दर उन्हाळ्याच्या तोंडाशी जे पीक तयार होते, त्या द्राक्षाच्या एका घडापाशी क्षणभर थांबले तरी ती दिसते. एकाच मातीत, एकाच पाण्यावर, एकाच जातीची द्राक्षे आपण दोन रीतींनी वाढवतो. परक्याच्या पानात वाढायची ती तपासून, आणि आपल्याच लेकराच्या पानात वाढायची ती न तपासता.

आधी हे मान्य करू की स्वच्छ द्राक्ष कसे पिकवायचे हे आपल्याला उत्तम कळते. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांवर मेथोमिल आणि अॅसिफेट या कीटकनाशकांचे अंश सापडले आणि युरोपचा बाजार हातचा जातो की काय अशी वेळ आली. त्यानंतर आपली यंत्रणा ज्या वेगाने हलली तो वेग खरोखर कौतुकास्पद होता. कृषी निर्यात पाहणारी केंद्रीय संस्था अपेडा, राज्याचे कृषी खाते आणि पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी मिळून उर्वरित अंशांच्या तपासणीची योजना उभी केली. २००६ पासून ‘ग्रेपनेट’ या संगणकीय प्रणालीवर निर्यातीची प्रत्येक बाग नोंदवली जाऊ लागली. बागेला क्रमांक मिळाला, कोणत्या दिवशी काय फवारले याची वही आली, काढणीपूर्वी नमुना प्रयोगशाळेत जाऊ लागला, आणि अंश मर्यादेबाहेर निघाला तर त्या बागेचा माल युरोपच्या वाटेला लागेनासा झाला. २०१० मध्ये आणखी एक धडा मिळाला. वेलीची फाजील वाढ रोखण्यासाठी वापरले जाणारे ‘सीसीसी’, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हते. युरोपची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. तिकडच्या प्रयोगशाळांनी ते शोधले, माल अडला, निर्यातदार आणि बागायतदार कोट्यवधींनी बुडाले. मग आपली यादी सुधारली. शाळाही न संपवलेला बागायतदार आज ‘एमआरएल’ (अंशाची कमाल मर्यादा) आणि ‘पीएचआय’ (काढणीपूर्व अंतर) हे शब्द आपल्या गावाच्या नावाइतक्या सहजपणे उच्चारतो. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचे अंतर हवे हे त्याला तोंडपाठ आहे. तेव्हा अज्ञानाची सबब आता आपल्याला उरलेली नाही.

आता दुसरे पान पाहू. देशात पिकणाऱ्या द्राक्षांपैकी साधारण दहावा हिस्सा परदेशी जातो. उरलेले जवळजवळ सगळे आपण खातो. त्या उरलेल्या द्राक्षांच्या बागेला क्रमांक कुठे आहे? वही कुठे आहे? व्यापारी बागेत येतो, घड पाहतो, मणी दाबतो, एखादा तोंडात टाकून गोडी बघतो, भाव ठरवतो आणि क्रेट भरून नेतो. शेवटची फवारणी कधी झाली, हे तो विचारत नाही. कारण पुढे त्यालाही ते कुणी विचारणार नाही. ज्या बागेचा नमुना निर्यातीच्या तपासणीत नापास झाला तिचे काय होते? पिकलेले द्राक्ष वेलीवर ठेवून चालत नाही. त्याला बाजार शोधावाच लागतो, आणि जो बाजार काही विचारत नाही तोच त्याला सापडतो. कायदा नाही असे कुणी म्हणू नये. अन्नातील अंशांच्या मर्यादा ठरवणारे आजचे नियम २०११ पासून आपल्याकडे आहेत. भाज्याफळांच्या नमुन्यांची देशव्यापी तपासणी करणारी केंद्र सरकारची योजनाही आहे. पण तिचा अहवाल हातात येतो तेव्हा ते फळ केव्हाच पोटात गेलेले असते. हंगाम ऐन भरात येतो तेव्हा महाशिवरात्र येते. उपास करणारी बाई द्राक्षांचा घड देवापुढे ठेवते आणि तोच नंतर मुलांच्या हातात देते. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण द्राक्षे नेतो. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीपुढे वाटी भरून ठेवतो. देव, आजारी आणि मूल या तिघांना आपण मनापासून जे देतो, त्याचा हिशेब मात्र आपण कधी मागितलेला नाही.

यावर बागायतदाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आहे, आणि शहरातल्या दिवाणखान्यांत ते रोज चालते. ते अन्यायाचे आहे. द्राक्षाची वेल मुळात कोरड्या हवेची. आपण तिला वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. या दुसऱ्या छाटणीनंतर कोवळी पालवी आणि फुलोरा यायच्या वेळी परतीचा पाऊस गाठतो. एका रात्रीच्या पावसाने आणि सकाळच्या धुक्याने डाऊनी, म्हणजे केवडा रोग, घडात शिरतो आणि थोड्याच दिवसांत वर्षाची कमाई काळी पडते. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात नाशिकच्या कितीतरी बागांनी हे भोगले. डाऊनी सरला की भुरी, मध्येच करपा. एकरी लाखांचा खर्च, सोसायटीचे कर्ज, त्यावर कृषी सेवा केंद्राची उधारी. ज्या दुकानदाराची उधारी थकली आहे तोच त्याचा रोगतज्ज्ञ, आणि जितक्या बाटल्या जास्त तितका त्या तज्ज्ञाचा लाभ अधिक. अशा माणसाला छाटणीपासून काढणीपर्यंत डझनांनी फवारण्या कराव्या लागतात, आणि त्यांतल्या कित्येक रोगावर नसून भीतीवर असतात. या भीतीत आपला वाटा नाही काय? मण्यावर बारीक डाग दिसला की आपण घड बाजूला सारतो. लांबट, चकचकीत, एकसारखे मणी मागतो आणि वर भावात घासाघीस करतो. निर्यातीच्या मालाला चार पैसे अधिक मिळतात म्हणून बागायतदाराला वही ठेवणे परवडते. आपल्या मालाला तो भाव आपण दिलेला नाही आणि ती वहीही मागितलेली नाही. व्यापारी त्याचे पैसे बुडवून पसार होतो तेव्हा आपण त्याच्या बाजूने कधी उभे राहिलेलो नाही. ज्याला आपण एकटे सोडले त्याने आपली काळजी वाहावी, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

द्राक्षबागेत बुरशीनाशक कसे आले याचा इतिहास बोध घेण्याजोगा आहे. अमेरिकेतून आलेला डाऊनी १८७८ च्या सुमाराला फ्रान्समध्ये पोचला आणि तिथल्या बागा पानगळीने उजाड होऊ लागल्या. मेदोक भागातले बागायतदार तेव्हा रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे पाणी शिंपडत, ते रोगासाठी नव्हे. वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून द्राक्षे विषारी दिसावीत, एवढाच हेतू. बोर्दोचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी १८८२ मध्ये पाहिले की बाकी बाग निष्पर्ण झाली तरी त्या निळ्या वेलींची पाने टिकून आहेत. त्यातून १८८५ मध्ये बोर्डो मिश्रण जगापुढे आले, आणि ते आजही आपल्या बागांत वापरले जाते. म्हणजे या रसायनाचे पहिले काम लोकांना भिववण्याचे होते, आणि ते डोळ्यांना दिसत असल्यामुळे लोक भीत. पुढच्या सव्वाशे वर्षांत आपण जी प्रगती केली तिने विष नाहीसे झाले नाही, त्याचा रंग तेवढा गेला. मॅन्कोझेबसारखी स्पर्शजन्य बुरशीनाशके सालीवर राहतात आणि धुतल्याने काही प्रमाणात निघतात. पण मेटॅलॅक्सिल किंवा कार्बेन्डाझिमसारखी आंतरप्रवाही द्रव्ये वेलीच्या आत शिरतात. त्यांना मिठाच्या पाण्याचा धाक नाही. मॅन्कोझेबचे विघटन होताना, विशेषतः उष्णतेने, एथिलिन थायोयुरिया तयार होते, आणि त्याचा थायरॉइडवरचा दुष्परिणाम शास्त्राला माहीत आहे. युरोपीय संघाने २०२० च्या अखेरीस मॅन्कोझेबची मान्यता पुढे चालवायचे नाकारले. पोटातल्या गर्भाला आणि शरीरातील संप्रेरकांना असलेला धोका हे त्याचे कारण. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आपल्या केंद्र सरकारने २७ कीडनाशकांच्या बंदीचा मसुदा काढला होता. त्यात मॅन्कोझेब होते आणि कार्बेन्डाझिमही होते. २०२३ मध्ये प्रत्यक्ष बंदी आली तेव्हा मोजक्याच द्रव्यांवर आली आणि ही दोन्ही नावे तिच्यात नव्हती. या तीन वर्षांत आपल्यापैकी किती जणांनी त्या मसुद्याचे पुढे काय झाले म्हणून विचारले?

पण खाणाऱ्याच्या पोटात जो अंश जातो तो शेवटचा आणि सर्वांत पातळ. दाट अंश कुणाच्या अंगावर पडतो हे पाहिल्याशिवाय या पंक्तीचे खरे स्वरूप कळत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइड लावतात. युरोपीय संघाने २००८ मध्ये या द्रव्याला मान्यता नाकारली, कामगारांना आणि वापरणाऱ्यांना असलेल्या धोक्यामुळे. आपल्याकडे ते कापडाच्या बोळ्याने, हाताने, काडी काडी धरून लावले जाते. हे द्रव्य अंगात गेलेल्या माणसाने संध्याकाळी घोटभर दारू घेतली तर त्याचा चेहरा तापतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. आणि दिवसभराच्या शिणावर दुसरा उतारा ज्याला माहीत नाही, अशाच माणसाच्या हातात आपण तो बोळा दिलेला असतो. पुढे घड जिबरेलिक अॅसिडच्या द्रावणात बुडवायचे, विरळणी करायची, ही कामे बहुतेक बायकांची. त्यांचे हात दिवसभर ओले असतात आणि त्याच हातांनी दुपारची भाकरी सोडली जाते. ब्लोअर मागे लावून ट्रॅक्टर चालवणारा गडी स्वतःच उडवलेल्या धुक्यातून जातो. तोंडाला रुमाल बांधला की त्याची सुरक्षा संपली. ही माणसे कुठून येतात? पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर इथल्या पाड्यांवरून, शेजारच्या डांगमधून, टोळीने, मुकादमाच्या उचलीवर. त्यांची जात आणि जमात कोणती, हे मी सांगायची गरज नाही, कारण आपल्याला ते न सांगता ठाऊक असते. आपल्या अंधत्वाचा पाया तिथेच आहे.

कायदा येथेही मुका नाही. बुरशीनाशकांसह सर्व कीडनाशकांना लागू असलेला कीटकनाशक कायदा १९६८ चा. दहा वर्षे आधी केरळात पॅराथिऑन मिसळलेले पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे मेली तेव्हा त्याची निकड पटली. १९७१ च्या नियमांत फवारणाऱ्यासाठी संरक्षक कपडे आहेत, श्वसनाची साधने आहेत, वैद्यकीय तपासणी आहे. डब्यावर विषाची तीव्रता दाखवणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण आहे. अर्धशतक उलटून गेले. ती वैद्यकीय तपासणी झालेला फवारणी कामगार आपल्यापैकी कुणी पाहिला आहे काय? २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारता फवारता वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले, शेकडो रुग्णालयात गेले, कित्येकांची दृष्टी अधू झाली. पीक वेगळे होते, द्रव्ये वेगळी होती. फवारणाऱ्या माणसाकडे पाहण्याची आपली रीत तीच होती. चौकशी झाली, आणि पहिला सूर निघाला तो मेलेल्यांनी काळजी घेतली नाही असा. फ्रान्सही काही पुण्यभूमी नाही. तिथे शेतजमिनीच्या तीनेक टक्क्यांवर असलेल्या द्राक्षबागा देशातली वीसेक टक्के कीडनाशके पितात. पण तिथल्या सरकारने २०१२ मध्ये कीडनाशकांशी संबंधित पार्किन्सनला, म्हणजे कंपवाताला, शेतीतला व्यावसायिक आजार म्हणून मान्यता दिली. म्हणजे हात थरथरणाऱ्या शेतमजुराला तिथे निदान दावा मांडायला जागा आहे. आपल्याकडे त्याच्या थरथरीला वय, व्यसन किंवा नशीब यांपैकी एक नाव मिळते आणि प्रकरण संपते.

आता वाइनकडे वळू, कारण आपल्या नीतिमत्तेची परीक्षा तिथे फारच उघडी झाली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले. नाशिकला विंचूर आणि सांगलीला पलूस येथे वाइन पार्क झाले. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी द्यायचे ठरवले तेव्हा महाराष्ट्र ढवळून निघाला. वाइन म्हणजे दारू की नव्हे, संस्कृती बुडणार की शेतकरी तरणार, यावर सभागृहात, वर्तमानपत्रांत आणि चावडीवर वाद झडले, उपोषणाचे इशारे दिले गेले. मद्याबद्दलची काळजी खोटी होती असे मी म्हणत नाही; दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मीही पाहिली आहेत. पण त्या सगळ्या गदारोळात, ही द्राक्षे पिकवताना काय फवारले जाते आणि ते कुणाच्या अंगावर पडते, हा प्रश्न ना वाइनच्या कैवाऱ्यांना पडला, ना तिच्या शत्रूंना. नशेचे पाप आपल्याला दिसले कारण ते आपल्या जुन्या यादीत होते. विषाचे पाप त्या यादीत नाही, म्हणून ते आपल्या धर्मातही नाही आणि राजकारणातही नाही.

वाइन करणाऱ्याला मात्र हा प्रश्न पडतो. का पडतो, हे समजून घेतले तर आपली लाज पूर्ण होईल. वाइनची द्राक्षे सहसा धूत नाहीत. ती चुरतात आणि आंबवतात. पांढऱ्या वाइनसाठी रस आधी पिळून घेतात, लाल वाइन मात्र सालींसह आंबते, त्यामुळे सालीवरचे जे असेल ते तिच्यात अधिक उतरते. आंबवण्याचे काम करते यीस्ट, आणि यीस्ट स्वतः एक बुरशीच आहे. घडावर बुरशीनाशक जास्त उरले की हे यीस्ट सुस्तावते, कधी काम अर्ध्यावर टाकते. गंधकाची फवारणी काढणीच्या फार जवळ झाली असेल तर टाकीतून सडक्या अंड्याचा वास येतो. तांबे जास्त उरले तर सोव्हिन्यों ब्लांची ओळख असलेला सुगंधच मारला जातो. आंबवून झाल्यावर बराच अंश गाळाबरोबर खाली बसतो, बेंटोनाइट मातीने वाइन निवळताना आणखी काही निघून जातो, तरी पाण्यात विरघळणारी काही द्रव्ये बाटलीपर्यंत पोचतात. म्हणून जाणती वाइनरी करारातल्या बागायतदाराला काढणीच्या कितीतरी आधी फवारणी थांबवायला सांगते. म्हणजे डोळ्यांना न दिसणारा एक जीव आहे, आणि त्याला त्रास होऊ नये म्हणून बागेत फवारणी थांबते. कारण तो रुसला तर टाकीभर माल वाया जातो. सुरगाण्याहून आलेल्या बाईच्या हाताला फोड आले तर फवारणी थांबत नाही, कारण तिच्या जागी दुसरी मिळते.

आपल्या साऱ्या व्यवहाराचा नियम यातून स्वच्छ दिसतो. जो नकार देऊ शकतो त्याच्यापुरते आपण शुद्ध वागतो. रॉटरडॅमची प्रयोगशाळा नकार देऊ शकते, यीस्ट नकार देऊ शकते. त्यांच्यासाठी वही आहे, अंतर आहे, तपासणी आहे. पाड्यावरची मजूर बाई, हातगाडीपुढे उभा असलेला मुलगा, रुग्णालयातला आजारी यांना नकार देता येत नाही. त्यांच्यासाठी काहीच नाही. ही गोष्ट आज जन्मलेली नाही. शतकानुशतके आपण शुद्धतेचा मोठा शास्त्रार्थ केला. पण कुणी शिवले याचा विचार केला, काय शिवले याचा केला नाही. विहिरीवर कुणाचे पोहरे चालतील हे आपल्याला काटेकोर माहीत होते. आज त्याच विहिरीच्या काठावर बुरशीनाशक कालवून पंप धुतात त्याबद्दल आपल्या शुद्धतेला काही म्हणायचे नाही. घाण काढणे, मेलेले ओढणे, विष हाताळणे ही कामे कुणीतरी करायचीच असतात आणि ते कुणीतरी आपण नसतो, ही आपली परंपरागत खात्री. तिला आता जातीचे नाव लागत नाही, मजुरीचे लागते. खात्री मात्र तसूभरही हललेली नाही. लिहिणाराही याच समाजात वाढलेला आहे आणि याच बाजारातली द्राक्षे खातो. तो न्यायाधीशाच्या आसनावर नाही, तुमच्याच शेजारी बसलेला आहे.

यावर जे आक्षेप येतात त्यांचा विचार टाळून चालणार नाही. पहिला असा की अंश मर्यादेत असेल तर भय कसले? खरे आहे, मर्यादेतल्या एका अंशाने कुणी पटकन आजारी पडत नाही, आणि घबराट पसरवणे हे प्रबोधन नव्हे. पण मर्यादेत आहे हे कळायला आधी मोजावे लागते, आणि फळ पोटात जाण्याआधी आपण मोजत नाही हीच तर तक्रार आहे. शिवाय मर्यादा एकेका द्रव्याची ठरते. एका घडावर चारपाच द्रव्ये एकत्र आली तर लहान मुलाच्या शरीरात ती मिळून काय करतात, याचे उत्तर त्या एकेकट्या आकड्यात नसते. दुसरा आक्षेप असा की युरोपचे नियम म्हणजे व्यापारातला अडसर, गोऱ्यांचा कावा. काही वेळा तसे असेलही. पण मग आपला नियम आपण आपल्या शास्त्राने ठरवावा आणि आपल्या माणसासाठी कडक पाळावा. परक्याचा नियम परक्यासाठी पाळून आपल्याच माणसाला बेदखल करणे याला स्वाभिमान म्हणत नाहीत. तिसरा आक्षेप, फवारणी सोडली तर पीक जाईल. सोडा असे कुणी सांगतही नाही. नैसर्गिक म्हणवणारे तांबेसुद्धा जमिनीत साचते आणि गांडुळांना बाधते. म्हणून युरोपने त्यालाही सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे. प्रश्न आंधळेपणाने फवारण्याचा आणि आंधळेपणाने खाण्याचा आहे.

आणि हे बदलेल, याविषयी मला शंका नाही. कारण ते एकदा बदललेले आपण पाहिले आहे. २००३ नंतर काही वर्षांतच हजारो बागायतदारांनी आपली रीत बदलली. बाजाराने विचारले म्हणून बदलली, उपदेशाने नव्हे. तोच प्रश्न आता देशातल्या बाजाराने विचारायचा आहे. ग्रेपनेटसारखी बागेची नोंद निर्यातीपुरती का असावी? पिंपळगाव बसवंत, तासगाव, वाशी येथील बाजार समित्या जो सेस गोळा करतात त्यातून हंगामात रोजचे नमुने तपासून निकाल फलकावर लावता येतील. हवामान केंद्रांच्या नोंदीवरून रोगाचा अंदाज घेऊन फवारणी ठरवणे, वेलीत हवा खेळती ठेवणे, ट्रायकोडर्मा आणि बॅसिलस सबटिलिस यांसारखे जैविक उपाय, पावसाच्या काळात प्लास्टिक आच्छादन, हे सारे आपल्याच संशोधकांना आणि आपल्याच प्रयोगशील बागायतदारांना माहीत आहे. आच्छादन महाग आहे. तो खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारणे म्हणजे पुन्हा तोच पंक्तिप्रपंच. फवारणी करणाऱ्याला संरक्षक पोशाख, वर्षातून एकदा रक्ततपासणी आणि आजार नोंदवण्याची जागा मिळाल्याशिवाय कोणत्याही द्राक्षाला ‘रेसिड्यू फ्री’ म्हणू नये; मण्यावरचा अंश शून्य आणि मजुराच्या रक्तातला अंश न मोजलेला, ही शुद्धी ढोंगाची आहे. वाइनरीजनी आपल्या वाइनची उर्वरित अंशांची तपासणी प्रसिद्ध करावी. जी गोष्ट यीस्टसाठी तपासता येते ती माणसाला सांगायला हरकत नसावी.

आणि आपण, जे विकत घेतो, त्यांनी डाग असलेला मणी नाकारणे थांबवावे आणि न मोजलेला घड नाकारायला शिकावे. तपासलेल्या मालाला किलोमागे चार रुपये जास्त द्यावे लागतील. ते द्यावेत, आणि ते बागायतदारापर्यंत आणि त्याच्या मजुरापर्यंत पोचतात की नाही हेही विचारावे. येत्या हंगामात दुकानदाराला एवढेच विचारा की ही द्राक्षे कोणत्या बागेची आणि तिथे शेवटची फवारणी कधी झाली. त्याला उत्तर देता येणार नाही. पण गावोगावी, दारोदारी तो प्रश्न विचारला गेला तर पुढच्या हंगामात त्याला उत्तर आणावेच लागेल. जोवर आपण विचारत नाही, तोवर या पंक्तीत वाढपी आपण आहोत, यजमान आपण आहोत, आणि पापही आपलेच आहे.